गाव, जत्रा आणि कुस्त्यांचा फड : पूर्वजभूमीच्या भेटीचा भाषिक विचार

पूर्वजांच्या भूमीस सहकुटुंब जाणे आणि तेथील मैदानी खेळांस हजर राहणे या दोन गोष्टी जगाच्या अनेक भागांत जोडीने आढळतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत गेलेल्या कुटुंबांचे वंशज मायभूमीस भेट देतात, ती पुष्कळदा तेथील ‘हायलँड’ खेळांचे दिवस साधून. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळसारख्या गावांतून पुण्या-मुंबईस गेलेली कुटुंबे वर्षाकाठी एकदा गावी येतात, तीही ग्रामदैवताची जत्रा आणि तिच्यातील कुस्त्या गाठून. समाजशास्त्राच्या दृष्टीने या साम्याचा विचार करता येईल. भाषेच्या अभ्यासकापुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहतो. परत आलेल्या माणसास भाषेच्या द्वारे नेमके काय परत मिळते, आणि काय मिळू शकत नाही? मोहोळ हे उदाहरण समोर ठेवून या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

१. ‘मोहोळ’ आणि ‘मोहोळकर’

मोहोळ हे सोलापूरच्या वायव्येस, पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आणि मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले तालुक्याचे ठिकाण होय. तालुक्यातून सीना नदी वाहते. नागनाथ हे गावाचे दैवत. जवळच असलेले वडवळ आणि मोहोळ ही नागेश संप्रदायाची केंद्रे म्हणून मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. अज्ञानसिद्धांबरोबरच आलमखान हा मुसलमान कवीही याच संप्रदायात होऊन गेला. ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

‘मोहोळ’ या सामान्य नामाचा अर्थ मधमाश्यांचे पोळे. तेव्हा गावाचे नाव त्यावरून पडले असावे, असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. परंतु केवळ ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. याच नावाचे आडनावही मराठीत आहे. महाराष्ट्रातील कुस्तीच्या संघटनेचे अध्वर्यू मामासाहेब मोहोळ हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील. ‘महाराष्ट्र केसरी’च्या विजेत्यास दिली जाणारी चांदीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ असते. आडनाव मोहोळ, कार्य कुस्तीचे आणि मोहोळ हेही कुस्तीचे गाव, एवढ्यावरून कोणी त्या घराण्याचे मूळ सोलापूर जिल्ह्यात शोधू लागला तर तो फसेल. आडनावाच्या आधारे मूळ गाव धुंडाळणाऱ्यांनी पहिला धडा घ्यावयाचा तो हाच.

याउलट ‘-कर’ या प्रत्ययाची साक्ष अधिक भरवशाची असते. ‘मोहोळकर’ म्हणजे मोहोळचा. पण हे नाव माणसास लाभते कोठे? मोहोळात सारेच मोहोळचे असल्यामुळे तेथे या विशेषणाने कोणाचाच वेगळेपणा दाखविला जात नाही. गाव सोडून माणूस परमुलखी गेला म्हणजे तेथील लोक त्यास त्याच्या गावावरून ओळखू लागतात, आणि ती ओळख पुढे आडनाव होऊन बसते. म्हणजे ‘-कर’ हा प्रत्यय वास्तव्य जितके सांगतो, तितकेच बहुधा स्थलांतरही सांगतो. इस्राएलमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांची पेणकर, रोहेकर, नवगावकर यांसारखी आडनावे याचे उत्तम उदाहरण आहे. अलिबागजवळील नवगाव हे आपल्या पूर्वजांचे किनाऱ्यास लागण्याचे स्थान, अशी या समाजाची परंपरा आहे. तेथे येणाऱ्या नव्या पिढीस मराठी येत नसली, तरी तिच्या आडनावात कोकणातील एक गाव आणि मराठीचा एक प्रत्यय टिकून असतो. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांची स्थिती याहून निराळी. तेथे पूर्वजांचे गाव शोधावयाचे तर महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या स्थलांतरितांच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. एकीकडे आडनाव बोलते, दुसरीकडे दप्तर.

स्त्रियांच्या बाबतीत हा विचार आणखी एक पायरी पुढे न्यावा लागतो. ‘आपले गाव’ म्हणून कुटुंब ज्या गावी जाते, ते बहुतेक वेळा पतीचे असते. स्त्रीच्या मूळ स्थानासाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहे, तो ‘माहेर’. ‘मातृगृह’ या शब्दापासून तो आला आहे. म्हणजे एकाच मोटारीतून निघालेल्या कुटुंबात पुरुषाची पूर्वजभूमी ‘गाव’ असते, तर त्याच्या पत्नीची ‘माहेर’. आणि जत्रेस आलेली त्याची विवाहित बहीण त्याच गावास ‘माहेर’ म्हणत असते. स्थळ एक, नाती दोन, म्हणून शब्दही दोन.

२. यात्रा, जत्रा, हगामा

गावी जाण्याचे निमित्त जत्रा. ‘यात्रा’ आणि ‘जत्रा’ ही मुळात एकाच संस्कृत शब्दाची दोन रूपे आहेत. परंतु मराठीने त्यांच्यात कामाची वाटणी केली. ‘यात्रा’ या शब्दात जाण्याचा अर्थ अद्याप जागा आहे. ‘जत्रा’ हा शब्द मात्र जमण्याचा वाचक झाला आहे. गावकरी दैवताच्या उत्सवास कित्येकदा ‘यात्रा’च म्हणतात, पण ‘येथे काय जत्रा भरली आहे?’ या प्रश्नात प्रवासाची पुसटही छटा उरलेली नाही. निघणे आणि पोहोचणे, प्रवास आणि मेळावा, ही एकाच क्रियेची दोन टोके या शब्दयुग्मात सापडतात.

जत्रेतील कुस्त्यांच्या मेळाव्यास सोलापूर, नगर, पुणे या भागांत ‘हगामा’ असे म्हणतात. हा शब्द फारसी ‘हंगामा’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ जमाव, गलबला असा आहे. हिंदीत त्यातील गलबला शिल्लक राहिला. मराठीने जमाव घेतला आणि तोही विशिष्ट कारणासाठी जमलेला. वेळ किंवा ऋतू या अर्थाच्या फारसी ‘हंगाम’पासून आलेला मराठी ‘हंगाम’ शेतकऱ्याच्या तोंडी पिकाच्या काळास लागू पडला. पिकाचा हंगाम सरल्यावर कुस्त्यांचा हगामा भरावयाचा, असा हा कृषिजीवनाचा क्रम शब्दांच्या जोडीतही उमटला आहे. ‘फड’ या शब्दाची व्याप्ती अशीच बोलकी आहे. ऊसतोडणीचा फड, तमाशाचा फड आणि कुस्त्यांचा फड हे तिन्ही एकाच प्रदेशातील माणसांच्या वर्षात ओळीने येतात.

हगाम्याची रीत ठरलेली असते. सकाळी नैवेद्य, नवस, ओटी हे विधी उरकले जातात. दुपार कलल्यावर हलगी वाजू लागते आणि लोक मैदानाभोवती बसतात. आरंभी लहान मुलांच्या कुस्त्या होतात. त्यांचे इनाम रेवड्या, खोबरे किंवा नारळ. मग चढत्या रकमांच्या कुस्त्या लागत जातात आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती अखेरीस होते. इनामाची रक्कम लोकवर्गणीतून उभी राहते. बाहेरगावी गेलेले लोक यात आवर्जून भर घालतात, आणि देणाऱ्याचे नाव मैदानात पुकारले जाते. शहरातून आलेल्या नातवास आजोबा रेवड्यांच्या कुस्तीस उभा करतात तेव्हा तो बहुधा पडतो. पण त्या अर्ध्या मिनिटात त्याच्या कानावर जे शब्द पडतात, ते त्यास एरवी कोठेही त्या अर्थाने ऐकावयास मिळाले नसते.

३. मातीतील शब्द आणि त्यांचे स्थलांतर

मराठी कुस्तीची परिभाषा ही एकजिनसी नाही. ‘पैलवान’, ‘कुस्ती’, ‘वस्ताद’, ‘पेच’, ‘खुराक’, ‘जोर’ हे शब्द फारसीतून आलेले. ‘तालीम’, ‘इनाम’, ‘मेहनत’ हे मूळचे अरबी, पण फारसीच्या वाटेने आलेले. ‘आखाडा’ हा संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दाचा वंशज. ‘मल्ल’ जसाच्या तसा संस्कृत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचे वर्णन आले आहे. ती कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरपासून फार दूर नाही. म्हणजे या भूभागात कुस्तीचा खेळ फारसी शब्दांच्या आगमनापूर्वी होता. खेळ राहिला आणि त्याची परिभाषा थरांनी वाढत गेली. ज्या परिसरात नागनाथाच्या भक्तांत अज्ञानसिद्धांबरोबर आलमखान होऊन गेला, तेथे ‘मल्ला’शेजारी ‘पैलवान’ नांदावा, यात नवल नाही.

उसने घेतलेल्या शब्दांचे अर्थ मराठीने तसेच ठेवले नाहीत. अरबीत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र ती व्यायामाची वास्तूही झाली. ‘जोर’ म्हणजे शक्ती. मराठीत ‘जोर काढणे’ म्हणजे हातांवर शरीर तोलून करावयाचा एक व्यायाम. अमूर्त अर्थाचा शब्द मूर्त होणे ही या परिभाषेतील सार्वत्रिक प्रवृत्ती दिसते. डावांची नावेही अशीच मूर्त आहेत, आणि त्यांतील बरीच रोजच्या जीवनातून उचललेली आहेत. ‘मोळी’, ‘बांगडी’, ‘टांग’, ‘सवारी’ ही त्यांपैकी काही. खांद्यावरून घेऊन प्रतिस्पर्ध्यास जमिनीवर आपटणे म्हणजे ‘धोबीपछाड’. ज्याने धोब्यास दगडावर कपडे आपटताना पाहिले आहे, त्यास या डावाची व्याख्या सांगावी लागत नाही.

क्रियापदांची व्यवस्था तर व्याकरणाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. कुस्ती ‘लागते’ आणि पंच ती ‘लावतात’. ही ‘लागणे-लावणे’ ही अकर्मक-प्रयोजक जोडी. पैलवान कुस्ती ‘धरतो’, जिंकणारा ती ‘मारतो’, आणि निकाल लागला नाही तर पंच ती बरोबरीत ‘सोडवतात’. डाव ‘टाकला’ जातो आणि त्यास ‘तोड’ असते. ‘बिनतोड युक्तिवाद’ या विद्यापीठीय प्रयोगातील ‘तोड’ हीच.

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. या शब्दांपैकी पुष्कळसे मातीतून उठून अन्यत्र गेले आहेत. निवडणुकांच्या दिवसांत कोणतेही मराठी वृत्तपत्र उघडावे. उमेदवार ‘आखाड्यात’ उतरतात, एकमेकांविरुद्ध ‘शड्डू ठोकतात’, ‘डावपेच’ लढवितात, प्रतिस्पर्ध्यास ‘चितपट’ करतात किंवा ‘अस्मान दाखवितात’, आणि आतून संगनमत असल्याचा संशय आला तर त्यास ‘नुरा कुस्ती’ म्हटले जाते. शहरात वाढलेल्या मुलास हे वाक्प्रचार ठाऊक असतात. पण तो ते अर्थाच्या दुसऱ्या टोकाकडून शिकलेला असतो. ‘शड्डू ठोकणे’ म्हणजे आव्हान देणे, एवढे तो जाणतो. तो तळव्याचा मांडीवर किंवा दंडावर केलेला आघात आहे, आणि त्याचा आवाज मैदानाच्या कडेपर्यंत पोहोचतो, हे तो जाणत नाही. ‘अस्मान दाखविणे’ म्हणजे हरविणे, हे त्यास कळते. पाठ मातीस लागलेल्या माणसास खरोखरच आभाळाखेरीज काही दिसत नाही, हे त्याने पाहिलेले नसते. रूपकाचा वाच्यार्थ विसरला गेला म्हणजे ते रूपक मृत झाले, असे म्हणण्याची पद्धत आहे. जत्रेच्या मैदानात अशी मृत रूपके काही तासांपुरती जिवंत होतात. पूर्वजभूमीच्या भेटीने भाषेच्या बाबतीत जे परत मिळते, ते मुख्यतः हे होय. शब्द मुलाजवळ होताच. त्याचे मूळ त्यास गावी सापडते.

४. स्कॉटलंडमधील उलट चित्र

तुलनेसाठी आता स्कॉटलंडकडे वळू. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगराळ प्रदेशातील टोळ्यांचा मोड झाला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने तेथील पारंपरिक पोशाखावर बंदी आली. ती १७८२ मध्ये उठली. पुढे जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांस गावांतून हुसकावून लावले आणि असंख्य कुटुंबे समुद्रापार गेली. आज प्रसिद्ध असलेले मैदानी खेळ मुख्यतः यानंतरच्या काळात संघटित झाले. ब्रेमार येथील मेळावा भरविणाऱ्या संस्थेचा उगम १८१५ मधील. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाने तेथे हजेरी लावल्यापासून त्यास राजाश्रयाची प्रतिष्ठा मिळाली. घराण्याघराण्याचे ठरावीक रेघारेघांचे वस्त्र हीदेखील मोठ्या प्रमाणावर एकोणिसाव्या शतकाची निर्मिती आहे. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात ग्रँडफादर पर्वतावर १९५६ पासून असेच खेळ भरत आले आहेत. २००९ हे वर्ष तर स्कॉटलंडने जगभरच्या वंशजांस घरी बोलावण्याचे वर्ष म्हणून साजरे केले.

या खेळांच्या परिभाषेत गेलिक भाषेचे अवशेष आहेत. उभा सोट उचलून तो हवेत उलटून पडेल असा फेकण्याचा खेळ तेथे विशेष लोकप्रिय आहे. त्या सोटास ‘केबर’ म्हणतात. गेलिक ‘कबर’ म्हणजे वासा. ‘क्लॅन’ म्हणजे कूळ. गेलिकमध्ये त्याचा अर्थ अपत्ये, आणि त्याच्याही मुळाशी रोप या अर्थाचा लॅटिन ‘प्लांता’ आहे. संस्कृत ‘वंश’ म्हणजे आधी वेळू आणि मग कूळ, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या अर्थांतराचे आश्चर्य वाटणार नाही. इंग्रजीतून जगभर पसरलेला ‘स्लोगन’ हा शब्द सैन्य आणि हाक या दोन गेलिक शब्दांच्या समासातून आला. टोळीची ती रणगर्जना होती. ‘शड्डू’ जसा निवडणुकीत गेला, तशी ही रणगर्जना जाहिरातीत गेली.

परंतु येथे साम्य संपते. २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे सुमारे ७० हजार आढळले; सुमारे ५४ लाखांच्या देशात हे प्रमाण दर शेकडा दीडाहूनही कमी पडते. भाषेच्या जतनासाठी १८९२ पासून ‘मोड’ नावाचा गीतस्पर्धांचा स्वतंत्र मेळावा भरविला जातो. खेळांच्या मैदानावर मुख्यत्वे इंग्रजीच चालते. म्हणून अमेरिकेहून आलेल्या वंशजास तेथे खेळ दिसतो, पोशाख दिसतो, घराण्याचे नाव फलकावर वाचावयास मिळते. पण ‘केबर’ या शब्दातील वासा त्यास कोणी समजावून दिल्याखेरीज दिसत नाही. स्कॉटलंडमध्ये खेळ टिकला, पण त्याची भाषा मागे पडली. महाराष्ट्रात भाषा कोट्यवधींच्या तोंडी आहे. मागे पडत आहे तो खेळाशी निगडित असा तिचा एक कोपरा.

५. माती आणि गादी

परंपरेच्या प्राचीनतेबद्दल स्कॉटलंडच्या बाबतीत घ्यावयाची सावधगिरी येथेही बाळगली पाहिजे. कुस्ती जुनी आहे. तिच्या संस्था मात्र अर्वाचीन आहेत. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीचे. ‘महाराष्ट्र केसरी’ ही स्पर्धा १९६१ पासूनची. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे. मातीत वाढलेल्या पैलवानास आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गादीवर खेळावे लागते, ही जाणीव तेव्हापासून दृढ होत गेली.

‘गादी’ हा शब्दही लक्षणीय आहे. इंग्रजी शब्द ‘मॅट’ उपलब्ध असता मराठीने घरातील शब्दच नव्या वस्तूस दिला, आणि ‘माती विभाग’ व ‘गादी विभाग’ अशी सुटसुटीत जोडी तयार झाली. ‘महाराष्ट्र केसरी’चा किताब या दोन विभागांच्या विजेत्यांतील लढतीने ठरतो. मात्र गादीबरोबर गुणपद्धती आली. मातीतील कुस्ती ‘निकाली’ व्हावयाची ती प्रतिस्पर्धी चीत झाल्यावरच. गादीवर गुणांच्या आधिक्याने जिंकता येते. त्यामुळे ‘पॉइंट’, ‘राउंड’, ‘टेकडाऊन’ हे शब्द तालमीत रुजले. कोणत्याही भाषेत हे घडतेच आणि त्यात खेद मानण्याचे कारण नाही. एके काळी ‘पैलवान’ आणि ‘वस्ताद’ हेही असेच बाहेरून आले होते. नवी सामाजिक वस्तुस्थितीही शब्द मागत आहे. २०२३ साली सांगली येथे महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. ‘पैलवान’ शब्दाचे सर्वमान्य स्त्रीलिंगी रूप मराठीत अद्याप रूढ झालेले नाही. वृत्तपत्रे ‘महिला कुस्तीगीर’ किंवा ‘महिला मल्ल’ असे म्हणून वेळ निभावतात.

खरी हानी होते ती निराळ्या ठिकाणी. डावाचे नाव ऐकून त्याचे अंगविक्षेप सांगू शकणारे, एकाच डावाची दोन गावांतील दोन नावे ओळखणारे, ‘ढाक’ आणि ‘टांग’ यांतील भेद हातापायाने दाखवू शकणारे वस्ताद वयोवृद्ध होत आहेत. हे ज्ञान ग्रंथांतून फारसे आलेले नाही. ते तालमीत एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेले आहे. कोशात ‘कुस्तीतील एक डाव’ एवढीच नोंद करून थांबावे लागते, तेव्हा शब्द राहतो आणि त्याचा अर्थ जातो.

६. नोंदीचे काम

यासाठी जत्रा ही संशोधनास अनुकूल अशी वेळ आहे. एरवी विखुरलेल्या तीन पिढ्या त्या दिवशी एकाच मैदानाच्या कडेला बसलेल्या असतात. गावातच राहिलेले आजोबा, नोकरीनिमित्त पुण्यास गेलेला मुलगा आणि इंग्रजी शाळेत शिकणारा नातू, या तिघांस ‘मोळी’, ‘खडाखडी’, ‘निकाली’, ‘नुरा’ हे शब्द विचारावेत. कोणास वाच्यार्थ ठाऊक आहे, कोणास केवळ लाक्षणिक अर्थ आणि कोणास दोन्ही नाहीत, हे नोंदवावे. एका कुटुंबाच्या मर्यादेत अर्थाचे स्थलांतर पिढीवार मोजता येईल. अनेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांची कुटुंबे अशा जत्रांस जातच असतात; त्यांस वेगळा दौरा काढण्याची आवश्यकता नाही. वस्तादांकडून माहिती घेताना केवळ ध्वनिमुद्रण पुरेसे नाही. डाव डोळ्यांनी पाहूनच त्याची व्याख्या लिहिता येते, म्हणून चलच्चित्रणही हवे. आणि विचारणाऱ्याने शक्य झाल्यास एकदा मातीत उतरून पाहावे.

मोहोळच्या सिकंदर शेख यांनी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार होऊन २०२३ साली पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे ‘महाराष्ट्र केसरी’ किताब मिळविला. मैदानात पैलवान पुकारला जातो तो गावाच्या नावासह आणि तालमीच्या नावासह. आडनावास तेथे तेवढे महत्त्व नसते. वर्गणी देणाऱ्या परगावच्या माणसाचेही तसेच. शहरात ज्याच्या दारावर ‘मोहोळकर’ अशी पाटी आहे, त्याचे नाव जत्रेच्या ध्वनिक्षेपकावरून पुकारताना अमक्याचा मुलगा, तमक्या गल्लीतला, अशी ओळख दिली जाते. ‘-कर’ हा प्रत्यय गावच्या वेशीवर गळून पडतो. कारण ज्या अंतरामुळे तो लागला होता, ते त्या दिवसापुरते उरलेले नसते.